लवकर आलेली बाई

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये सकाळी गेलं की पहिली रांग दिसते ती केसपेपरच्या खिडकीपुढची. सरकारी पाटीवर छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय असं पूर्ण नाव आहे, पण अख्खा जिल्हा त्याला सिव्हिलच म्हणतो. रांगेत अक्कलकोटची कानडी बोलणारी म्हातारी असते, पूर्वभागातला तेलुगू बोलणारा विणकर असतो, मोहोळ-माढ्याकडचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला शेतकरी असतो. तिन्ही भाषांत प्रश्न एकच, ‘केसपेपर काढला का?’ नाव, वय, गाव, तक्रार. त्या कागदावर चार ओळी पडल्या की माणूस डॉक्टरच्या जगात दाखल होतो. त्याच्या आधी तो त्या जगात नसतोच.

डॉक्टर मंडळींच्या बोलण्यात ‘केस’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. ‘आज काय केस आली होती!’ असं कुणी म्हणालं की समजायचं, पुस्तकात वाचलेलं पण कधी न पाहिलेलं काहीतरी समोर आलं. जानेवारी २०२५ मध्ये गियान बारे सिंड्रोम हे नाव घरोघरी पोचलं, तेव्हा असंच झालं. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, पायांना मुंग्या येतात, अशक्तपणा खालून वर चढतो आणि कधीकधी श्वासापर्यंत पोचतो. वर्षाला लाखात एखाद-दोघांना होणारा हा आजार. तो पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात एकदम कितीतरी जणांना झाला आणि राज्यातला पहिला संशयित मृत्यू सोलापुरात नोंदवला गेला. मग केंद्राचं पथक आलं, विहिरींचं आणि नळांचं पाणी तपासलं गेलं, रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. प्रत्येक डॉक्टरने आपल्यापुरती एक दुर्मीळ केस पाहिली होती. त्या सगळ्या एका कागदावर आल्या तेव्हा कळलं की ही साथ आहे आणि तिची वाट पाण्यातून जाते.

हे उदाहरण मी मुद्दाम आधी घेतलं. मला सांगायचं आहे ते मात्र उलट्या बाजूने. दुर्मीळ आजार मोजला की तो साथ निघतो, हे पुण्याने दाखवलं. जो आजार मुळीच दुर्मीळ नाही, पण कुणी मोजतच नाही, त्याचं काय होतं? याचं उत्तर शोधायला सोलापूरच्या बाहेर फार लांब जावं लागत नाही. वैरागच्या रस्त्याने सत्तरेक किलोमीटरवर बार्शी आहे.

बार्शी म्हटलं की भगवंताचं देऊळ, तुरीची-ज्वारीची बाजारपेठ, आणि पूर्वी कुर्डुवाडीहून येणारी ती छोटी रेल्वे. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे पुढे पंढरपूरला गेली, लातूरला गेली, मिरजेला गेली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यातून पंढरीला गेल्या. पण जगातल्या कर्करोगतज्ज्ञांना बार्शी माहीत आहे ती वेगळ्याच कारणाने. त्यांच्या शोधनिबंधांत मुंबई, चेन्नई, बंगळूर यांच्या रांगेत एका तालुक्याच्या गावाचं नाव गेली साडेतीन दशकं छापून येतं आहे.

आपल्याकडे कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी मुंबईत १९६३-६४ पासून होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने म्हणजे आयसीएमआरने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू केला, तोही मुंबई, बंगळूर आणि मद्रासपासून. तिन्ही महानगरं. शहरात हे काम त्या मानाने सरळ आहे. रुग्णालयं आहेत, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळा आहेत, मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेलं असतं. नोंदणीचा माणूस दवाखान्यादवाखान्यांत फिरतो, फायली चाळतो, एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नावं ताडून पाहतो आणि आकडा तयार होतो. खेड्यात हे सगळंच कोलमडतं. भूम तालुक्यातली बाई दवाखान्यात गेलीच नाही तर तिची फाईल कुठली? ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत मृत्यूचं कारण म्हणून ‘म्हातारपण’ किंवा ‘पोटाचा आजार’ एवढंच असेल तर त्यातून काय काढणार? देशातली बहुसंख्य माणसं खेड्यात, आणि कर्करोगाचे सगळे आकडे शहराचे, अशी स्थिती होती.

१९८७ साली बार्शीत ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातली ती पहिली. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातले परांडा आणि भूम, अशा तीन तालुक्यांतली ३४६ गावं तिच्या कक्षेत होती. आधार होता बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचा. मे १९८१ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेलेल्या अभिनेत्रीचं नाव या कोरडवाहू मुलखातल्या रुग्णालयाला मिळालं. ते उभं करणाऱ्यांत आणि पुढे या सगळ्या संशोधनाचा गाडा ओढणाऱ्यांत डॉ. बी. एम. नेने हे नाव सतत दिसतं. मुंबईहून टाटा स्मारक केंद्राची साथ होती, आणि नोंदणीची आखणी करणाऱ्या होत्या डॉ. कस्तुरी जयंत.

त्यांनी जी पद्धत बसवली, ती मला या सगळ्या कथेतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. केसपेपरच्या खिडकीपाशी बसून रुग्णाची वाट पाहायची नाही, असं ठरलं. नोंदणीचे कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव जायचे. सरपंच, शाळामास्तर, अंगणवाडीच्या ताई, आरोग्यसेविका, पारावर बसलेली माणसं, जो भेटेल त्याच्याशी बोलायचे. कर्करोगाची लक्षणं साध्या शब्दांत सांगायचे. बरी न होणारी जखम, तोंडातला चट्टा, छातीतली गाठ, गिळायला होणारा त्रास, आणि बायकांच्या बाबतीत, पाळी गेल्यावरही अंगावरून जाणं. मग विचारायचे, असं कुणाला आहे का गावात? कुणी होतं का, गेलं का? संशय आला त्या माणसाला बार्शीला आणून तपासणी करायची. मेलेल्या माणसाच्या घरीही जाऊन विचारपूस व्हायची.

यातलं बायकांना विचारायचं काम किती अवघड आहे, याची कल्पना ज्याने खेड्यातलं घर आतून पाहिलंय त्यालाच येईल. ‘अंगावर जातंय’ हे वाक्य बाई नवऱ्यापुढेही उच्चारत नाही. लाल असो की पांढरं, ते ‘जातं’, आणि त्याचा उल्लेख पदराआडून, जावेच्या किंवा बहिणीच्या कानात होतो. माझ्या एका चुलतीचं असंच झालं. ही नोंदणी सुरू होण्याआधीची गोष्ट. पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर तिला पुन्हा रक्त दिसायला लागलं. ती म्हणाली, ‘उष्णता असंल.’ तालुक्याच्या एका डॉक्टरने आत तपासून न बघता सात-आठ महिने गोळ्या दिल्या. घरात आम्हाला पोरांना एवढंच कळायचं की काकीच्या चिंध्या वेगळ्या वाळत घालतात, आणि ती बाजेवर बसायचं टाळते. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या बाईंनी काकाला बाहेर बोलावून सांगितलं की आता फक्त शेक देता येईल, तोही दुखणं कमी व्हावं म्हणून. काकी त्या पावसाळ्यात गेली. गावच्या वहीत काय कारण लिहिलं होतं ते मी पुढे एकदा मुद्दाम जाऊन पाहिलं. ‘अशक्तपणा’.

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा इतका सावकाश चालणारा आजार आहे की तो कुणाचा जीव घेतो ही गोष्टच मनाला पटत नाही. पिशवीच्या तोंडाशी असलेल्या पेशींमध्ये ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस म्हणजे एचपीव्ही शिरतो. बहुतेक बायकांमध्ये तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या शरीरात मुक्काम ठोकून राहतो आणि तिथल्या पेशी बिघडायला लागतात. बिघाडापासून कर्करोगापर्यंत पोचायला दहा, पंधरा, कधी वीस वर्षं जातात. एवढा अवधी दुसरा कुठला कर्करोग देतो? श्रीमंत देशांनी गेल्या शतकाच्या मध्यापासून पॅप स्मिअर तपासणी सुरू केली आणि हा आजार कितीतरी खाली आणला. पण पॅप स्मिअरला काचपट्टीवर घेतलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वाचणारी तरबेज माणसं लागतात, चांगली प्रयोगशाळा लागते, आणि दर काही वर्षांनी तीच बाई पुन्हा यावी लागते. भारत हा या बाबतीत ना धड गरीब, ना धड श्रीमंत. सोलापुरात, पुण्यात तपासणी मिळते. सगळ्यांना मिळेल अशी ती कधी झालीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या ज्या भारतीय बायकांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती, त्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत निघालं. देशात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना हा कर्करोग होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास दगावतात.

बार्शीच्या पहिल्या काही वर्षांच्या नोंदींनी दोन गोष्टी सांगितल्या. एकूण कर्करोगाचं प्रमाण मुंबईपेक्षा पुष्कळच कमी होतं. पण बायकांमधल्या कर्करोगांत सगळ्यात मोठा वाटा गर्भाशयमुखाचा होता, आणि आलेली बाई बहुतेक वेळा उशिरा आलेली असायची. तिसरी स्टेज, चौथी स्टेज. म्हणजे बार्शीतली दुर्मीळ केस कुठली, तर पहिल्या स्टेजमध्ये चालत आलेली बाई. पाठ्यपुस्तकात जिचं वर्णन सगळ्यात सोपं, जी बरी होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तीच दवाखान्यात क्वचित दिसायची.

मग एक अशी गोष्ट झाली जी कुणी योजली नव्हती. कार्यकर्ते गावात येतात, विचारतात, निघून जातात, असं होत होत पाच-सहा वर्षांत लवकर येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. १९९५ मध्ये डॉ. जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं. नवं यंत्र आलं नव्हतं, औषध आलं नव्हतं. फक्त कुणीतरी दर काही महिन्यांनी येऊन ‘पाळी गेल्यावर अंगावर जाणं बरं नसतं’ एवढं मोठ्याने बोलत होतं. एखादी बाई ते ऐकत होती, रात्री नवऱ्याला सांगत होती, आणि चार दिवसांनी एसटीने बार्शीला येत होती. नोंदवायला गेलेल्या माणसांनी नोंदच बदलून टाकली. संख्याशास्त्राच्या चोख नजरेने पाहिलं तर हा मोजणीतला दोष म्हणायला हवा, कारण मोजणाऱ्याने मोजायच्या गोष्टीला हात लावायचा नसतो. मला मात्र या दोषाइतकी सुंदर गोष्ट सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी दिसते.

याच पायावर पुढचं मोठं काम उभं राहिलं. ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात एक चाचणी सुरू झाली. बार्शीचं हे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधल्या लियोंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती मिळून केली. लियोंच्या बाजूने तिचे सूत्रधार होते डॉ. आर. शंकरनारायणन. पैसा गेट्स फाउंडेशनचा. प्रश्न साधा होता. बाईची आयुष्यात एकदाच तपासणी करता येणार असेल, तर कोणती करावी?

त्यासाठी गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. एका भागात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हीआयए, आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था, म्हणजे तपासणी नाही.

व्हीआयए ही व्हिनेगरची तपासणी. कधी बारकाईने समजून घेतली तर तिचं साधेपण पाहून चकित व्हायला होतं. नर्स किंवा प्रशिक्षण दिलेली आरोग्यसेविका कापसाच्या बोळ्याने पिशवीच्या तोंडाला चार टक्क्यांचं पातळ ॲसिटिक ॲसिड लावते. लोणच्यात पडतं त्याच जातीचं आम्ल. मग एक मिनिट थांबायचं. बॅटरीच्या उजेडात बघायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो. पेशी बिघडलेल्या असतील तिथे दुधाची साय धरावी तसा पांढरा डाग उमटतो. प्रयोगशाळा नाही, रिपोर्टची वाट नाही. त्याच दिवशी सांगता येतं, लहान डाग असेल तर तो भाग गोठवून नष्ट करता येतो. एचपीव्हीच्या चाचणीत मात्र ब्रशने घेतलेला नमुना प्रयोगशाळेत जातो, विषाणूचा डीएनए आहे का ते पाहिलं जातं, यंत्र लागतं, खर्च येतो.

तपासणीसाठी बोलावलेल्या बायकांपैकी दर पाचात चार जणी आल्या. मला हा आकडा निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो. खुरपणी चालू असते, लेकरू तापलेलं असतं, सासू विचारते ‘तुला काय झालंय दवाखान्यात जायला?’, आणि पोचल्यावर लुगडं वर करून परक्या बाईपुढे निजायचं असतं. कुठलंच दुखणं नसताना. तरी आल्या. ‘बायकाच येत नाहीत हो’ ही आपल्या आरोग्यखात्याची आवडती सबब ज्याने ऐकली असेल, त्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २ एप्रिल २००९ ला निकाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ बायका दगावल्या होत्या. काहीच तपासणी न झालेल्या गटात ६४. पुढच्या स्टेजला पोचलेले कर्करोग पहिल्या गटात ३९, तपासणी न झालेल्या गटात ८२. एकदाच, आयुष्यात फक्त एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप स्मिअर आणि व्हिनेगरच्या गटांत एवढी घट दिसली नाही, तिथे अनुक्रमे ५४ आणि ५६ मृत्यू झाले. सहा महिन्यांआधीच, २००८ चं नोबेल, एचपीव्ही आणि या कर्करोगाचं नातं उलगडणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझन यांना मिळालं होतं. त्यांनी प्रयोगशाळेत दाखवलेलं आपल्या मराठवाड्यातल्या गावांनी माणसांत दाखवलं. नियतकालिकाने त्याच अंकात संपादकीय लिहिलं, त्याच्या शीर्षकात ‘भारताकडून जगाला’ अशा अर्थाचे शब्द होते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तपासणीसाठी पहिली पसंती एचपीव्ही चाचणीला दिली, त्यामागच्या पुराव्यात हा अभ्यास होता.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात जड होतो. ३१,४८८ बायकांच्या त्या चौथ्या गटात ६४ जणी गेल्या. हा आजार रोखता येतो हे तेव्हा जगाला माहीत होतं. मग एका गटाला तपासणी न देता आठ वर्षं पाहत राहणं योग्य होतं का? अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी हा प्रश्न लावून धरला आणि भारतातल्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात यावर वाद झाला. संशोधकांचं म्हणणं, त्या गावांमध्ये तपासणी तशीही नव्हती. कुणाकडून काही काढून घेतलं नाही, आणि तुलनेशिवाय सरकारांना पटवून देता आलं नसतं. टीकाकारांचं म्हणणं, पॅप स्मिअर उपयोगी आहे हे ठाऊक असताना ‘काहीच नाही’ हा तुलनेचा गट असूच शकत नाही. ‘नेहमीची व्यवस्था’ हा शब्द न्यूयॉर्कच्या बाईसाठी वापरला असता तर त्याचा अर्थ तपासणी असा झाला असता. परांड्याच्या बाईसाठी त्याचा अर्थ काहीच नाही असा झाला.

मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा वाचल्या. अभ्यास करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्या भागात त्यांनी जितक्या बायका वाचवल्या तितक्या कुणीच वाचवल्या नाहीत. पण तो चौथा गट मला टोचतो, आणि टोचायलाच हवा. मला जास्त राग आहे तो या गोष्टीचा की ६४ बायकांच्या मरणातून जे ज्ञान मिळालं, ते आजही त्यांच्याच गावांपर्यंत पुरतं पोचलेलं नाही. २०१६ मध्ये केंद्राने ३० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात गर्भाशयमुखासाठी व्हीआयए घेतलं. दिंडीगल आणि मुंबईतल्या चाचण्यांत व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यू कमी झाले होते, हे खरं आहे, आणि काहीच नसण्यापेक्षा ती शंभर पटींनी बरी. पण ज्या देशाच्या खेड्याने एचपीव्हीची चाचणी सरस असल्याचं जगाला दाखवलं, त्याच देशात ती खर्चाच्या नावाखाली मागे राहिली.

आणि तपासणी नसली की त्या जागी काय येतं तेही याच मुलखाने पाहिलं. भूमच्या उत्तरेला लागूनच बीडचा ऊसतोडीचा पट्टा. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने तिथल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. अंगावर पांढरं जातं, पोट दुखतं, एवढी तक्रार घेऊन गेलेल्या बाईला ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेल्याची गोष्ट तिथल्या बायका पुन्हा पुन्हा सांगतात. पाळीच्या दिवसांत कोयता थांबला की खाडा धरला जातो, म्हणून तीही तयार होते. ज्या शंकेचं उत्तर व्हिनेगरच्या एका बोळ्याने आणि एका मिनिटाने मिळालं असतं, तिच्यासाठी कर्ज काढून पोट फाडून घेतलं गेलं. त्याच आजाराच्या नावाने एकीकडे काहीच केलं जात नाही आणि दुसरीकडे नको तेवढं केलं जातं. दोन्हीकडे बाईला आत नेमकं काय आहे ते कुणी नीट बघून सांगितलेलं नसतं.

सोलापूरला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा अभिमान आहे. १९३८ साली चीनला गेलेला, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेलेला आपला डॉक्टर. त्यांच्या घराचं स्मारक झालं, चिनी पाहुणे येतात, शाळांच्या सहली जातात. हे व्हायलाच हवं. मला वाटतं, परांड्या-भूमच्या वाडीवस्तीवर सायकलीने आणि एसटीने फिरून बायकांना अवघड प्रश्न विचारणाऱ्या त्या कार्यकर्त्यांचीही एखाद्या भिंतीवर आठवण असावी. त्यांची नावं शोधनिबंधांच्या शेवटी, आभाराच्या ओळीतसुद्धा क्वचितच आहेत.

बार्शीच्या कामाचा एक धागा अजून चालू आहे, आणि तो अपघाताने सुरू झाला. एचपीव्हीविरुद्धची लस आली तेव्हा ती तीन डोसांची होती आणि महाग होती. तीनऐवजी दोन डोस पुरतील का, हे पाहण्यासाठी सप्टेंबर २००९ मध्ये भारतातल्या नऊ ठिकाणी चाचणी सुरू झाली. १० ते १८ वयाच्या अविवाहित मुली, वीस हजारांचं उद्दिष्ट. त्या नऊंत बार्शी होतं. काही महिन्यांतच तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये चालू असलेल्या दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. ते लसीने झाले नव्हते असं चौकशीत निघालं, पण आदिवासी मुलींच्या पालकांची संमती कशी घेतली गेली, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सही-अंगठ्यावर काम कसं भागवलं गेलं, हे उघड झालं, आणि संताप रास्त होता. एप्रिल २०१० मध्ये सरकारने अशा सगळ्या चाचण्यांतलं लसीकरण थांबवलं.

बार्शीच्या मुलींच्या दंडावर तेव्हा कुणाला तीन, कुणाला दोन आणि कुणाला एकच सुई पडलेली होती. देशभर मिळून १७,७२९ मुलींना लस मिळाली होती. त्यांतल्या ४,९५० जणींना फक्त एक डोस. अभ्यास म्हणून पाहिलं तर तो मोडला होता. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले राहिले नव्हते, आखणी विस्कटली होती. कुणीही फाईल बंद केली असती तर नवल नव्हतं. संशोधकांनी ठरवलं की मुली सोडायच्या नाहीत. जिला जेवढे डोस मिळाले तेवढे धरून, तिच्या मागे राहायचं.

मागे राहायचं म्हणजे काय, ते ऐकण्यासारखं आहे. या मुलींच्या पिशवीच्या तोंडाचा नमुना लग्नाआधी घ्यायचा नाही, हे आपल्या समाजात कुणी सांगायची गरजच नव्हती. नियम ठरला तो असा, की लग्नानंतर अठरा महिने झाल्यावर, किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा. म्हणजे या अभ्यासाची वेळ ठरवणार होते मुलीचे आईबाप, स्थळं आणि मुहूर्त. लग्न झालं की मुलीचं गाव बदलतं, आडनाव बदलतं, कधी पाळण्यातलं नावही बदलून सासरचं ठेवतात. वहीतली मुलगी वहीतून नाहीशी होते. मग माहेरी जाऊन आईला विचारायचं, कुठं दिलीय? सासरचा फोन मिळवायचा. सासूला समजावायचं की सुनेला काही आजार नाही, तिला लहानपणी लस दिली होती त्याची ही तपासणी आहे. पहिलटकरीण माहेरी आली असेल तर तेवढ्यात गाठायचं.

अशी दहा वर्षं गेली. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निकाल आला. शरीरात ठाण मांडून बसणाऱ्या एचपीव्ही १६ आणि १८ या दोन मुख्य प्रकारांपासून तीन डोसांनी ९३.३ टक्के, दोन डोसांनी ९३.१ टक्के आणि एका डोसाने ९५.४ टक्के संरक्षण दिलं होतं. एकच सुई पुरेशी ठरत होती. केनियातल्या आणि इतर ठिकाणच्या अभ्यासांची जोड मिळाली, आणि २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने मुलींसाठी एका डोसाचा पर्याय मान्य केला. तीनाच्या जागी एक म्हणजे तेवढ्याच लसीत तिप्पट मुली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सीरमने आपली सर्वाव्हॅक लस बाजारात आणली, तेव्हा किती डोस, हा हिशेब मांडणाऱ्यांपुढे बार्शीच्याही पोरी होत्या.

त्या पोरी आता तिशीच्या आसपास आहेत. कुणाची मुलगी दुसरीत असेल, कुणाची लवकरच लसीच्या वयाला पोचेल. विषाणू रोखला हे कळलं. कर्करोग किती रोखला, हे कळायला त्यांना अजून वय व्हायला हवं. म्हणून वह्या अजून उघड्याच आहेत. दिवाळीत लेकी माहेरी येतात. भाऊबीज झाली की पुन्हा सासरी जातात. त्या चार दिवसांत बार्शी-भूम-परांड्याच्या एखाद्या वाड्यात दारावरून कुणी हाक मारतं, ‘ताई, आल्या का तुमच्या संगीताबाई?’ आतून एखादी आजी विचारते, कोण ते, आणि उत्तर येतं, ‘लसवाले आहोत. बार्शीचे.’